भूचुंबकीय वादळ आणि मोबाइलमधला निळा ठिपका

मे 2024 मध्ये इन्स्टावर गुलाबी-लाल आकाशाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आपल्या लडाखमधल्या हानलेहूनही तो लाल उजेड टिपला गेला. 2003 नंतरचं ते सर्वात मोठं भूचुंबकीय वादळ. फोटो सगळे ध्रुवांच्या बाजूचे, पण मला रस आहे विषुववृत्तात. मी लोकेशनवर चालणाऱ्या अ‍ॅपचा कोड लिहितो ना!

जमिनीपासून शंभरेक किलोमीटरच्या वर उन्हामुळे हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. तो थर म्हणजे आयनोस्फिअर. चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे केरळ-तमिळनाडूच्या टोकावरून जातं. थुंबाला 1963 पासून रॉकेटं उडाली ती यासाठीच. तिथे चुंबकीय रेषा आडव्या असतात. दिवसा तिथला विद्युतभारित वायू वर उचलला जातो आणि रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला उतरतो. चक्क कारंजं! त्यामुळे सर्वात दाट थर अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात साचतो.

आता वादळ आलं, की ध्रुवांकडचं विद्युतक्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्तावर पोचतं. तिथे दिवस असेल तर कारंजं आणखी उंच उडतं. काही तासांनी तापलेल्या ध्रुवांकडून वारे सुटतात, उलटं क्षेत्र तयार होतं आणि तेच कारंजं दबतं. म्हणजे वादळ किती मोठं, यापेक्षा ते आलं तेव्हा तुमच्याकडे वाजले किती, हे बघायचं. 2024 मध्ये मुख्य तडाखा 11 मेच्या पहाटे बसला. आपलं आयनोस्फिअर तेव्हा पुरतं भरलेलं नव्हतं, म्हणून भारत कमी हलला असं इस्रोने सांगितलं. पॅसिफिक आणि अमेरिकेवर मात्र धिंगाणा.

दुपारी आलं असतं तर? दाट थरातून जीपीएसचा सिग्नल उशिरा येतो. उपग्रह 16 मीटर लांब भासणं सहज शक्य आहे. साध्या फोनकडे यावर उपाय काय, तर उपग्रहाने पाठवलेले 8 आकडे. त्यांनी शांत दिवशीसुद्धा साधारण निम्मीच चूक निघते. वादळाचा त्यांना पत्ताच नसतो.

आपली कॅब फार तर पलीकडच्या गल्लीत थांबेल. विमानाला ते परवडत नाही. म्हणून आपली ‘गगन’ यंत्रणा जमिनीवरून हा थर सतत मोजते, दुरुस्ती पाठवते आणि आकड्यांवर किती विसंबायचं तेही वैमानिकाला कळवते.