जलपर्णीचा सोंडकिडा

सोंडकिडा म्हटला, की कणगीतले पोखरलेले धान्य डोळ्यांपुढे येते. पण त्याच्याच भाऊबंदांपैकी एकाला माणसाने सातासमुद्रांपलीकडून मुद्दाम बोलावून आणले, आणि तेही आमच्या बंगळूर शहरात. त्याची ही हकिकत.

आमच्या शिवाजीनगरापासून हलसूरचा तलाव पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तलाव म्हटला, की आज जलपर्णी आलीच. पुण्याच्या मुठेला आणि कोल्हापूरच्या रंकाळ्यालाही तिची ओळख सांगावी लागत नाही. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि एवढी माजली, की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिच्या छताखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात आणि डासांचे मात्र फावते.

मायदेशी तिला आवर घालणारे शत्रू होते. ते मागेच राहिले. तेव्हा त्यांनाच आणावे, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. १९८२ साली अमेरिकेतून ‘निओकेटिना’ वंशातील सोंडकिड्यांच्या दोन जाती बंगळुरास आल्या. परका पाहुणा उद्या आपल्याच पिकांवर उलटू नये, म्हणून आधी त्याला अनेक वनस्पतींवर ठेवून पारखले आणि मगच हेब्बाळसारख्या तलावांत सोडले. काही वर्षांत तेथील हिरवा थर विरला.

हा किडा जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीचा. दिवसा तो पानांच्या बेचक्यांत दडतो आणि रात्री पानांचा वरचा पापुद्रा कुरतडतो. पानांवर ठिपक्यांसारखे व्रण उमटतात. मादी देठाच्या आत अंडी घालते. पांढरी अळी देठ पोखरीत गाभ्यापर्यंत उतरते, आणि पुढे पाण्याखाली, मुळांना चिकटलेल्या कोशात तिचे रूपांतर होते. या साऱ्याला सुमारे तीन महिने लागतात. पोखरलेल्या देठांत पाणी व कुजवणारी बुरशी शिरते आणि झाड हळूहळू बुडते.

मग जलपर्णी अजून का दिसते? कारण तलावांत आपण सांडपाणी सोडतो. त्या खताने ती किड्याच्या भुकेपेक्षा वेगाने वाढते. शिवाय यंत्राने ती सरसकट उपसली, की अळ्या आणि कोशही तिच्याबरोबर काठावर येऊन मरतात. सरकारी नोकरीत असल्यामुळे मला ठाऊक आहे, की अंदाजपत्रकाचे वर्ष बारा महिन्यांचे असते. या किड्याला तीन-चार वर्षे द्यावी लागतात, आणि त्याच्या कामाचे देयक कोणी सादर करीत नाही. तलावाचा एखादा कोपरा न उपसता त्याच्यासाठी राखावा, आणि गटारांची तोंडे तलावाकडून वळवावीत, एवढेच त्याचे मागणे आहे. पहिले काम सोपे आहे. दुसरे त्याच्याकडून होणारे नाही. ते आपलेच आहे.