दुसरा डोळा आणि घरातली बाकीची माणसं



हे अधिवेशन हर्सूलला भरतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. सिल्लोड-फुलंब्रीकडून घाटी रुग्णालयात निघालेला रुग्ण हर्सूलच्याच रस्त्याने शहरात शिरतो. त्यातल्या काहींचा डोळ्याचा पडदा सुटलेला असतो आणि आपल्यासमोर येईपर्यंत मॅक्युला उचलला जाऊन बरेच दिवस लोटलेले असतात. सुटलेला पडदा बसवण्यात आपल्या शल्यविशारदांनी मोठी मजल मारली आहे. मला आज बोलायचं आहे ते पडदा सुटण्याआधीच्या कामाविषयी, आणि तेही हा धोका ज्या घरांत आईबापांकडून मुलांकडे जातो त्या घरांविषयी.

स्टिकलर सिंड्रोम आपण पदव्युत्तर परीक्षेपुरता वाचतो. मेयो क्लिनिकमधले बालरोगतज्ज्ञ गुन्नार स्टिकलर यांनी १९६५ साली त्याचं वर्णन केलं. बहुतेक रुग्णांत दोष असतो टाइप २ कोलॅजेनच्या जनुकात. हे कोलॅजेन कूर्चेत असतं आणि डोळ्यातल्या व्हिट्रियसमध्येही असतं. म्हणून एकाच मुलात दुभंगलेली टाळू, कमी ऐकू येणं, सैल सांधे आणि लहानपणापासूनचा मोठा मायनस नंबर एकत्र सापडतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. इथे नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही, हे आपण नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर सगळा दोष सुनेच्या माहेरावर जातो.

चार वर्षांच्या मुलाला मायनस आठचा नंबर निघाला की आई म्हणते, मोबाइल फार बघतो. आपणही मान डोलावतो, चष्मा लिहून देतो. माझी कळकळीची विनंती आहे, तिथे थांबा. त्या वयात एवढा नंबर मोबाइलने येत नाही. मुलाला स्लिट लॅम्पसमोर बसवा, वर-खाली बघायला सांगा आणि भिंगामागे नीट पाहा. एरवी व्हिट्रियस भरलेला दिसतो. टाइप २ कोलॅजेनच्या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या टाइप १ स्टिकलरमध्ये भिंगाच्या मागे चुरगळलेला पातळ पापुद्रा हलताना दिसतो आणि त्याच्या मागची जागा रिकामी वाटते. हे एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. टाळू, कान, सांधे ठीक आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. याच जनुकातले काही दोष जवळजवळ फक्त डोळ्यातच दिसतात.

या डोळ्यांत पडदा फाटतो तो बहुधा अगदी कडेला, ओरा सेराटाच्या मागे, आणि फाटतो तो मोठा. ९० अंश किंवा त्याहून अधिक पसरलेली ही चीर बसवणं अनुभवी हातांनाही जड जातं. म्हणून कडेलाच पूर्ण ३६० अंश बंदोबस्त करायचा. लहान मुलाला भूल द्यायची, बाहुली मोठी करायची, डिप्रेसरने बाहेरून हलकेच दाबून कड समोर आणायची आणि इनडायरेक्ट लेझरने करडे-पांढरे ठिपके एकाला एक लागून देत जायचे. साडीला फॉल लावताना टाका सुटला की तिथूनच तो उसवतो, तसं इथेही मध्ये जागा सुटता कामा नये. व्रण घट्ट व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर पालकांना सावध ठेवायचं.

याला आधार काय? केंब्रिजच्या गटाने २००८ साली टाइप १ स्टिकलरच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रतिबंधक उपचार न झालेल्यांत ७३ टक्के लोकांचा पडदा सुटला होता. दोन्ही डोळ्यांवर उपचार झालेल्यांत ८ टक्क्यांचा. मात्र ही पाहणी जुन्या नोंदींवरची आहे आणि तिथे लेझर नव्हे, क्रायो वापरलेलं होतं. यादृच्छिक चाचणी झालेली नाही. पालकांना हे असंच सांगावं. धोका खूप कमी होतो, संपत नाही. पुढेही दरवर्षी तपासणी लागते.

दुसरी बाजूही तितकीच ठामपणे मांडतो. प्रत्येक लॅटिसवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पातळ झालेल्या पट्ट्यावर, लेझर मारत सुटू नका. नॉर्मन बायर यांनी उपचार न केलेल्या लॅटिसच्या ४२३ डोळ्यांवर सरासरी जवळजवळ ११ वर्षं लक्ष ठेवलं. पडदा सुटला तो ३ डोळ्यांत. तक्रार नाही, घरात कुणाला पडद्याचा आजार नाही, व्हिट्रियस चांगला आहे, अशा माणसाला लेझरची भीती घालून खर्चात पाडणं मला पटत नाही. लेझरची निवड करताना ठिपके किती मोठे, हा प्रश्न नंतरचा. घरात काय घडलंय, हा पहिला.

आणि नेमकं तेच आपण विचारत नाही. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने आपल्याला मोतीबिंदू मोजायची सवय लावली. त्याने लाखो लोकांना दृष्टी दिली, याबद्दल मला आदरच आहे. पण शिबिराच्या रांगेत बाहुली मोठी करून कड बघायला कुणाला वेळ असतो? पडदा सुटलेला तरुण आला की त्याच्या केसपेपरवर तिथल्या तिथे वंशावळ काढा. जाड भिंगाचा चष्मा कुणाला, एक डोळा लहानपणीच कुणाचा गेला, टाळूचं ऑपरेशन कुणाचं झालं. मुलीच्या लग्नाच्या काळजीने लोक हे लपवतात, म्हणून चारचौघांत न विचारता आईला बाजूला घेऊन विचारा. त्या तरुणाचा दुसरा डोळा त्याच दिवशी तपासा. भावंडांना आणि मुलांना बोलावून घ्या. लहान मूल एका डोळ्याने दिसेनासं झाल्याची तक्रार करत नाही, हे ध्यानात असू द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात, दुभंगलेली टाळू ती नोंदवतातच. या सभागृहात बालरोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जनही बसले आहेत. माझं त्यांच्याकडे एकच मागणं आहे. टाळू शिवलेलं मूल घरी पाठवण्याआधी त्याच्या कागदावर नेत्रतपासणीची एक ओळ लिहा आणि ते मूल आमच्याकडे पाठवा. बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांची कड बघून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.