जात्यावरचा गळा, मोर्चातला गळा
(महिला शिबिरातलं भाषण)



काल रात्री गाण्याच्या वेळी माईक आला आणि म्हाताऱ्या बाया मागं सरकल्या. "आमचा आवाज काय गाण्याचा हाय का?" म्हणाल्या. म्हणून आज आम्ही गळ्याबद्दलच बोलणार आहोत.

जात्यावर बाई गाते ती कुणाला ऐकवायला नाही. हात खुंट्याला, खाली दगडाची घरघर, आवाज दबका. जातं फिरतं त्या चालीनं शब्द फिरतो. दम लागला की ओळ लांबते, समोरची जोडीदारीण ती उचलते. तीच बाई निंदायला गेली की गळा मोकळा सोडते, कारण लांबच्या पातीवरच्या बाईला ऐकू गेलं पाहिजे. फडात तर ढोलकीच्याही वर आवाज चढावा लागतो. विठाबाई नारायणगावकरांचा तमाशातला आवाज वेगळा. वाईच्या यमुनाबाई बैठकीत बसून एकेक शब्द अदेनं फिरवायच्या तो वेगळा. रेडिओवरचा सुलोचनाबाई चव्हाणांचा ठसका आणखी वेगळा. ह्यातला खरा कोणता, हे विचारायचंच नाही. जसं काम तसा गळा.

आपल्या परभणी जिल्ह्याला ही शिदोरी जुनी आहे. जनाबाई गंगाखेडची. दळण-कांडण म्हटलं की तिचं नाव येतंच. ताडकळसच्या एका बाईंच्या ओव्या १९९६ साली टेप झाल्या, त्यात सीतेचा वनवास आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा हजारो ओव्या गोळा केल्या. (शिकलेली माणसं आपल्या जात्यापाशी येऊन बसली, हे विशेषच!)

आता जमिनीचं. साहेब विचारतो, आधीपासून कसत होता त्याचा कागद दाखवा. कागद नाही. पण म्हातारीच्या ओवीत विहिरीचं नाव येतं, बांधावरच्या मोहाचं येतं, रान कुणी फोडलं त्याचं येतं. ओवी काही पुरावा धरत नाहीत, हे खरं. पण त्या नावाचा माग काढत गेलं की सांगणारी चार माणसं सापडतात. आणि ही नावं मोर्चाच्या गाण्यात नाहीत, दबक्या आवाजातल्या गाण्यातच आहेत. गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली, म्हणून घाई करायला पाहिजे.

मोर्चात पुढं मोठ्या गळ्याची बाई राहू द्या, तिचं ते काम. पण पुढच्या बैठकीला माईक बंद ठेवू. मधे जातं मांडू, दोघी दोघी बसतील. पोरांनी टेप आणायचा, जवळ बसायचं आणि गावाचं, शेताचं नाव आलं की वहीत लिहून घ्यायचं.