शंकेचें उत्तर

१९३४ सालीं मुंबईच्या न्यायालयांत एक विलक्षण खटला चालला. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकानें वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी आकर्षणाच्या शंकेलाहि, उत्तरें दिलीं, हा त्यांचा अपराध! बचावासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विचारलेल्या शंकेचें शास्त्रीय समाधान करणें अश्लील कसें, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना दंड झाला.

पुढें १९५० सालीं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय काढलें. तेंच मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा भिक्षु नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा यवन राजा. आणि महाविद्यालयाचा परिसर नागसेनवन. विचारणारा व उत्तर देणारा असे दोघेहि तेथें शेजारीं नांदतात.

परंतु त्या शहरांत काय किंवा अन्यत्र काय, शाळेच्या बांकावर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मनांत तीच जुनी शंका उठली, तर त्यानें कोणापाशीं जावें? एखाद्याला मित्राविषयींच ओढ वाटते; एखादीला मुलींच्या रांगेंत उभें राहणें असह्य होतें, कारण ती अंतर्यामीं स्वतःला मुलगी मानीतच नाहीं. चालण्याबोलण्यावरून ‘बायल्या’ हें नांव पडतें, वर्ग हंसतो, आणि कित्येकदां गुरुजीहि हंसतात, ही तर लाजेची गोष्ट. मग मूल मधल्या सुटींत एकटें राहतें, पोटदुखीच्या निमित्तानें शाळा चुकवूं लागतें. मार्क घसरले म्हणजे मात्र सर्वांचें लक्ष जातें! आंत साचलेली निराशा जिवावरहि बेतूं शकते.

हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलैंगिकतेला रोगांच्या यादींतून काढलें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या संमतीच्या अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. आणि ही प्रवृत्ति ‘पालटण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरांचें गैरवर्तन, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं ठरविलें.

शिक्षकाला मानसोपचारतज्ज्ञ व्हावें लागत नाहीं. टोमणा ऐकतांच तो तेथल्या तेथें थांबवावा. मूल बोलूं लागलें तर एकांतांत, घाई न करतां ऐकावें. आपण कोण तें आजच ठरव, असा आग्रह नको. मुलाला विचारल्यावांचून ही गोष्ट घरीं कळवूं नये, कारण कांहीं घरांत तिचें उत्तर छडीनें मिळतें. जिवाला धोका दिसला तर मात्र गुप्ततेचा हट्ट न धरतां तत्काळ मदत आणावी. शाळेंत समुपदेशक नसेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तो क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यांत सर्वांसाठींच लिहून ठेवावा, म्हणजे तो कोणाला हवा होता, हें कोणालाहि कळावयाचें नाहीं.