आज वार कोणता?



मराठी घराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर बहुधा ‘कालनिर्णय’ असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची रजा, सगळं त्याच्यावरच टिपलेलं. १९७३ पासून इतकं हाताशी असलेलं आठवणीचं साधन दुसरं नसेल. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, सुरुवातीला मात्र तेच कमी पडतं. त्यावर अख्खा महिना दिसतो. आज कोणता दिवस, ते दिसत नाही. सकाळपासून चार वेळा ‘आज वार कोणता?’ विचारणाऱ्या आजोबांना एकतीस चौकोनांतून आजचा शोधायचा असतो आणि नेमकं तेवढंच जमत नसतं. त्यांना रोज पान फाडायची दिनदर्शिका बरी, किंवा ‘मंगळवार, सकाळ’ असं ठळक अक्षरांत दाखवणारं घड्याळ. गोळ्यांची सात कप्प्यांची डबी त्याच्याच खाली ठेवावी. वार ठाऊक नसलेल्याला ‘मंगळ’ लिहिलेला कप्पा काय कामाचा?

देशभर घरोघरी जाऊन केलेल्या ‘लासी-डॅड’ पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं या आजारात आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की घरात विषय मिटतो. मिटवण्याआधी निदान बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं. त्यातल्या बिघाडाने आलेला विसराळूपणा औषधाने बराच सुधारू शकतो.

सुरुवातीच्या टप्प्यात एक जमेची बाजू असते. नवी घटना मनात टिकत नाही, पण सरावाने लागणारी सवय बऱ्यापैकी शाबूत असते. कॅमेरॉन कॅम्प या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाअखेरीस या रुग्णांसाठी वापरात आणलेली पद्धत त्याच आधारावर उभी आहे. सुनेने विचारायचं, ‘बाबा, वार बघायचा तर कुठे बघाल?’ आणि उत्तरही आपणच द्यायचं, ‘फ्रिजवरच्या फळ्यावर.’ लगेच पुन्हा विचारायचं. मग एक मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार, आठ. मधल्या वेळात मेथी निवडावी, गप्पा माराव्यात. उत्तर चुकलं तर ‘आठवून बघा’ असं म्हणायचं नाही. बरोबर उत्तर सांगून आधी जमलेल्या अंतरावर परत यायचं. बऱ्याच जणांची पावलं काही दिवसांत आपोआप फळ्याकडे वळू लागतात.

पाहुणे याच्या बरोबर उलटं करतात. उंबऱ्यातूनच सुरुवात होते, ‘काय काका, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?’ विचारणाऱ्याला हा लाडाचा खेळ वाटतो, काकांची मात्र तोंडी परीक्षा होते, आणि नापास झाल्याची लाज वाटण्याइतके ते शुद्धीवर असतात. ‘काका, मी सुधाताईंचा मिलिंद’ एवढं सांगून शेजारी बसलं तर काय बिघडतं?

यंत्रांचं कौतुक सध्या जोरात आहे. इंग्लंडमधल्या ‘अटिला’ चाचणीत ४९५ रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी गरजेप्रमाणे सेन्सर, गजर, आठवण देणारी उपकरणं बसवली; उरलेल्यांना जुजबी साधनं दिली. घर सोडून निवासी सेवाकेंद्रात जायची वेळ त्या उपकरणांनी पुढे ढकलली नाही. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. पण महागडं घड्याळ वडिलांच्या मनगटावर बांधून मुलगा निर्धास्त होणार असेल, तर घड्याळ न घेतलेलं बरं. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करणं, न्हाणीघराची आतली कडी काढणं, खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवणं, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घेणं, यांना जवळजवळ खर्च नाही.

कुलमुखत्यारपत्रावरही विसंबू नये. माणसाची समज गेली की करार कायद्याप्रमाणे तेही संपतं. संयुक्त खातं, मृत्युपत्र, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालचा नामनिर्देशित प्रतिनिधी, ही कामं समज आहे तोवर आणि रुग्णाला विचारूनच उरकावीत.

सगळ्यात मोलाचा धडा मात्र शेजारच्या गोव्यातला आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी जाणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारे, थोडक्या प्रशिक्षणाचे सल्लागार होते आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. सहा महिने, पंधरवड्यातून निदान एक फेरी. हा आजार काय आहे, चिडणाऱ्या माणसाला कसं सांभाळायचं, भाऊबहिणींनी भार कसा वाटून घ्यायचा, कोणत्या सरकारी योजना मिळतात, एवढंच बोलणं. सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या क्षमतेत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही नोंदवलेलं आहे. तरीही हे यश मोठंच. रात्रंदिवस राबणारी बायको किंवा सून खचली, तर फळा कोण लिहिणार आणि पान कोण फाडणार?

महाराष्ट्राला वेगळा शोध लावायची गरज नाही. आशा सेविकांच्या डोक्यावर हे काम टाकू नये. आहे त्याच कामाच्या मानधनासाठी त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. निवृत्त परिचारिका आहेत, व्यवसायोपचाराचे विद्यार्थी आहेत, गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. पुढच्या अधिवेशनापर्यंत प्रत्येक जिल्ह्याने एका तालुक्यात महिन्याला दोन गृहभेटी सहा महिने करून दाखवाव्यात, असा ठराव या परिषदेने आजच करावा. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक प्रत्येकाने आत्ताच फोनमध्ये घालून घ्यावा. तो ज्या घरी पोचवायला हवा असं एखादं घर तुमच्या ओळखीत नक्की असेल.