पिल्लाची पहिली दोरी

कारवानी जातीचं पिल्लू घरी आलं, की पोरं त्याला दोरी बांधून ओढू लागतात. आज ते मांजराएवढं आहे. वर्षभरानं तेच पोराला ओढत नेईल. ही जात सशामागं धावण्यासाठी जोपासलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार आज गुन्हा आहे. पण कुत्र्याची ओढ कुठं जाणार? पुण्याच्या भर रस्त्यात मांजर दिसलं नि हिसका बसला, तर पोर मोटारीखालीच जायचं!

तेव्हा शिकवण आत्तापासून द्या. पहिले दोन-चार दिवस नुसता पट्टा घाला. तो रुंद, मऊ हवा. आत दोन बोटं जावीत. फार सैल नको, कारण यांचं डोकं निमुळतं, पट्टा चटकन निसटतो. मग हलकी दोरी लावा आणि आपल्या नजरेसमोर ती अंगणात लोळू द्या. नंतर टोक हाती घ्या. पिल्लू जवळून चाललं, की भाकरीचा तुकडा द्या. ओढू लागलं, तर मारू नका. झाडासारखे उभे राहा. दोरी सैल झाली, की चाला. ओढून पुढं जाता येत नाही, हे त्याला उमगतं. मारलंत, तर ते दोरीलाच भिईल.

एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. थोराड जातीची हाडं सावकाश भरतात. तिसऱ्या महिन्यात पिसाळरोगाची लस टोचून घ्या.

गुरुजी, एवढं वर्गात जरूर सांगा. दोरी शेवटी पोरांच्याच हाती असते.