दुष्काळ धान्याचा कीं मजुरीचा?

(समितीच्या साधारण सभेंत एका वकील सभासदांनीं केलेलें भाषण)



चिटणिसांनीं आतांच वाचलेल्या अहवालांत एक गोष्ट माझ्या मनाला लागली. आलेल्या देणग्यांपैकीं मोठा भाग ज्वारीच्या पोत्यांच्या रूपानें आला आहे. रोख रक्कम त्या मानानें अगदींच थोडी आहे. देणाऱ्यांच्या उदारपणाविषयीं शंका घेण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु रोग एक आणि औषध दुसरें असें तर होत नाहीं ना, हें पाहणें आपलें काम आहे.

पाऊस गेला म्हणजे आधीं काय बुडतें? पीक बुडतें खरें. पण पिकाच्याहि आधीं खुरपणी बुडते, मग कापणी, मग मळणी. शेतमजुराच्या घरीं कणगी नसते. रोजची मजुरी हीच त्याची कणगी. ती रिकामी होते त्या वेळीं पेठेंत धान्य असतें, वखारींत असतें, शेजारच्या जिल्ह्यांतहि असतें. फक्त त्याच्या पदरीं दाम नसतो.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. १९४३ सालीं बंगालमध्यें जो दुष्काळ पडला, त्याचा हिशेब प्रा. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडला आहे. त्या वर्षीं बंगालमध्यें उपलब्ध असलेलें धान्य मागील पांच वर्षांच्या सरासरीहून सुमारें शेंकडा ५ नेंच कमी होतें, आणि १९४१ च्या मानानें तर शेंकडा १३ नें अधिक होतें. १९४१ सालीं दुष्काळ नव्हता! मग माणसें कां मेलीं? महायुद्धामुळें कलकत्त्याच्या आसपास सरकारचा पैसा वाहत होता. गिरण्या, गोद्या, कचेऱ्या यांतील नोकरांना स्वस्त धान्याची सोय होती. त्यामुळें १९४२ च्या डिसेंबरांत मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ पुढल्या ऑगस्टांत ३७ रुपयांवर गेला. खेड्यांतील मजूर, कोळी, न्हावी, कारागीर यांची मिळकत मात्र जागच्या जागीं राहिली. त्यांतच शत्रूच्या भीतीनें सरकारनें किनाऱ्याकडील होड्या काढून घेतल्या होत्या, आणि एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत धान्य जाण्यास आडकाठी होती. सरकारी चौकशी मंडळानें मृत्यूंचा आंकडा सुमारें १५ लक्ष धरला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लक्षांच्या घरांत नेला आहे.

व्यापारी बंधु मनांत म्हणतील कीं आतां साठेबाजीवर व्याख्यान होणार. तसें नाहीं. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत धान्याच्या व्यापाऱ्याला जहाजाच्या कप्तानाची उपमा दिली आहे. शिधा पुरणार नाहीं असें दिसतांच कप्तान तो आधींपासूनच बेतानें वाटतो, तसें व्यापारी भाव चढवून तेंच काम करतो. हें पुष्कळ अंशीं खरें आहे, आणि व्यापाऱ्याला शिव्या देण्यानें एक पायलीहि अधिक पिकत नाहीं. परंतु भाव चढला म्हणून धान्य जिकडे जातें तिकडे दाम असतो. दाम नसलेल्या गांवाकडे तें कितीहि भूक असली तरी वळत नाहीं. स्मिथच्या चेल्यांना हा दुसरा अर्धा धडा शिकण्यास फार काळ लागला.

आपल्याच दख्खनेंत त्याची किंमत १८७६ ते १८७८ मध्यें मोजली गेली. सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७३-७४ सालीं बिहारमध्यें ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून माणसें वांचविलीं होतीं, आणि खर्च फार केला म्हणून बोल खाल्ले होते. तेच गृहस्थ १८७७ सालीं काटकसरीची आज्ञा घेऊन इकडे आले. दिवसभर काम करणाऱ्या पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा, असा दर त्यांनीं ठरविला. मजुरांनीं कामें सोडलीं; पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. दौंड-मनमाडचा लोहमार्ग हा त्या दुष्काळांतलाच आहे. १८८० च्या दुष्काळ मंडळाला अखेर मान्य करावें लागलें कीं पहिला उपाय म्हणजे वेळेवर काम व पोटापुरती मजुरी.

उलट दाखला १९७२-७३ चा. आमच्या वडिलांच्या पिढीला तो तोंडपाठ होता. त्या वर्षीं महाराष्ट्रांत तृणधान्य नेहमींच्या निम्म्याहूनहि कमी पिकलें. तुटीचा आंकडा पाहिला तर बंगालहून कितीतरी भयंकर. पण बंगालसारखे प्रेतांचे ढीग पडले नाहींत. १९७३ च्या मे महिन्यांत जवळजवळ ५० लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं: खडी फोडणें, रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध. धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असूनहि, मजुरीचा पैसा गांवोगांवीं खेळूं लागतांच धान्य वाटा शोधीत आलें. वि. स. पागे यांनीं १९६५ पासून धरलेला रोजगार हमीचा आग्रह पुढें कायद्यांत उतरला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. (व्यवसायकर भरतांना आपण कपाळाला आठ्या घालतों, तो १९७५ सालीं याच योजनेसाठीं बसविला गेला, हें आठवावें.) त्या कामांतहि दोष होते, मजुरी उशिरां मिळे, आणि उपाशी माणसाला उशिरां मिळालेला दाम सावकाराच्या घरीं जातो.

आतां आपल्या तालुक्याकडे येतों. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरीब कुटुंबाला शिधापत्रिकेवर धान्य मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हां आपलीं पोतीं बहुधा आहे तेथेंच भर घालतील. म्हातारे, अपंग, शिधापत्रिका नसलेले ऊसतोड्यांचे कुटुंब यांच्यासाठीं तीं जरूर ठेवावीं. परंतु यंदा कमी आहे ती मजुरी, आणि चारा.

चाऱ्याविषयीं थोडें सविस्तर बोलतों, कारण त्याचा शेवट माझ्या कचेरींत होतो. चारा संपला कीं सारेच बैल विकावयास निघतात. घेणारा कोणी नाहीं. बैलाचा भाव पडतो त्याच आठवड्यांत कडब्याचा चढतो. शेतकरी पडत्या भावानें जोडी विकतो आणि पुढल्या मृगाला चढत्या भावानें घेतो, किंवा घेऊंच शकत नाहीं. मग जमीन निघते. माझ्या वकिलीच्या तीस वर्षांत मीं पाहिलें आहे कीं पाऊस बुडालेल्या वर्षाच्या पुढल्या चैत्र-वैशाखांत खरेदीखतांची गर्दी होते. त्या खतांवर लिहून घेणार म्हणून येथील कांहीं गृहस्थांचीं नांवें आहेत. माझेंहि आहे. २०१३ सालीं एका ओळखीच्या शेतकऱ्याची तीन एकर जमीन मीं घेतली. दर बाजाराप्रमाणें होता, खत निर्दोष होतें. बाजार कां पडला होता, हें मात्र खतांत लिहीत नाहींत.

म्हणून माझी विनंती अशी. गांवतळ्याचा गाळ काढण्याचें काम समितीनें लगेच सुरू करावें. जेसीबी लावल्यास तें चार दिवसांत उरकेल, असें एका सभासदांनीं सुचविलें. उरकेल खरें, पण आपल्याला गाळाइतकीच मजुरी हलवावयाची आहे. गाळ ज्यांच्या शेतांत पडेल त्या बागायतदारांनीं वाहतुकीची मजुरी द्यावी. जमीन त्यांचीच सुधारते. मजुरी दर आठवड्यास, बाजाराच्या आदल्या दिवशीं, बायकांची बायकांच्याच हातीं पडावी. रोख पैसा दारूंत जाईल अशी भीति कांहींना वाटते, तिला याहून चांगला तोडगा मला माहीत नाहीं. व्यापाऱ्यांनीं पोत्यांऐवजीं रोख द्यावें, आणि कडबा आजच्या भावानें खरेदी करून समितीच्या स्वाधीन करावा. शेतकऱ्यानें त्याची किंमत पुढल्या सुगीला, व्याजाशिवाय, फेडावी.

त्या तीन एकरांचा यंदाचा खंड मीं यादींत पहिल्या ओळींत मांडला आहे. यादी चिटणिसांच्या मेजावर आहे. पहिला मजुरीचा वाटप येत्या बाजाराआधीं करावयाचा असल्यानें आंकडे आजच भरावेत.